उशीर कुणाचा, शिक्षा कुणाला

शाळेची घंटा होऊन पाच मिनिटं झालेली असतात. फाटक ओढून घेतलेलं असतं. बाहेर सहा-सात मुलं दप्तर पाठीवर घेऊन उभी असतात. त्यातली मोठी इकडेतिकडे बघत असतात, त्यांना सवय झालेली असते. पहिली-दुसरीतलं एखादं मूल मात्र मान खाली घालून बुटाचं टोक जमिनीवर घासत असतं. त्याला सोडायला आलेलं माणूस तोवर माघारी वळलेलं असतं, कारण त्यालाही कुठेतरी वेळेवर पोचायचं असतं. मग आतून कुणीतरी येतं, वही उघडतं, नावं लिहून घेतं आणि मुलांना बाजूला रांगेत उभं करतं. वर्गात तोवर पहिलं गणित फळ्यावर लिहून झालेलं असतं.

हे दृश्य मी फाटकाच्या आतल्या बाजूने अनेक वर्षं पाहिलं आहे. ती वही काही काळ माझ्याच हातात होती. म्हणून जे म्हणायचं आहे ते त्या वहीपासूनच सुरू करते. सात वर्षांच्या मुलाला उशीर होत नाही, त्याला घेऊन येणाऱ्या माणसाला उशीर होतो. गजर मूल लावत नाही. घरातल्या आजारी माणसाचं औषध, तान्ह्या भावंडाचं रडणं, रात्रपाळी करून आलेल्या बापाची झोप, चुकलेली बस, यांतलं काहीही मुलाच्या हातात नसतं. तरी वहीत नाव मुलाचं लिहिलं जातं आणि रांगेत उभंही मूलच राहतं.

ही गोष्ट मला कुणी वाचून दाखवली नाही, हजेरीपटाने शिकवली. आमच्या शाळेत एका वर्षी नियम झाला: महिन्यात तीनदा उशीर झाला की एक दिवस मधली सुट्टी बंद. पहिल्या दोन महिन्यांत उशिराची वही जवळजवळ रिकामी झाली. नियम लागू पडला, असं आम्ही शिक्षकांच्या बैठकीत एकमेकींना समाधानाने सांगितलं. महिनाअखेरीला मी हजेरीची बेरीज करायला बसले तेव्हा काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढलेल्या दिसल्या. नावं ओळखीची होती. उशिराच्या वहीतलीच होती. त्यातल्या तिसरीतल्या एका मुलीला मी जवळ बोलावून विचारलं, काल का आली नाहीस? ती म्हणाली, "उशीर झाला होता, बाई."

एवढंच. आजारी नव्हती, गावाला गेली नव्हती. दोनदा उशीर झालेला होता, तिसरा होऊ नये म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावरूनच ती मागे फिरली होती. घरी कुणी नव्हतं. आठ वर्षांची मुलगी कुलूपबंद दारापुढे बसून राहिली आणि शाळेतली आम्ही सगळी मोठी माणसं ती घरी सुखरूप आहे असं धरून चाललो. वक्तशीरपणा हे आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेल्या मूल्यांपैकी एक होतं. त्या मुलीने त्याचा अर्थ असा लावला की उशिरा शाळेत जाण्यापेक्षा शाळेत न जाणं बरं. आणि तिचा अर्थ चूक म्हणता येत नाही. नियम तेच सांगत होता.

तेव्हापासून मी शाळांची माहितीपत्रकं, दैनंदिनीच्या पहिल्या पानांवरच्या 'पालकांसाठी सूचना', प्रवेशाच्या वेळी सही घेतात ते नियम, असं सगळं बारकाईने वाचते. भिंतीवरची मूल्यं सगळीकडे सारखीच असतात: आदर, प्रामाणिकपणा, सहकार्य, जबाबदारी. त्यांच्याविषयी वाद घालण्यासारखं काही नसतं. शाळेला खरोखर काय मोलाचं वाटतं ते सूचनांतल्या एका शब्दाशी कळतं. तो शब्द म्हणजे 'अन्यथा'.

'पालकांनी पाल्यास वेळेवर पाठवावे, अन्यथा पाल्यास वर्गात प्रवेश दिला जाणार नाही.' 'पालकांनी शुल्क मुदतीत भरावे, अन्यथा पाल्यास परीक्षेस बसता येणार नाही.' 'पालकांनी दैनंदिनीवर रोज सही करावी, अन्यथा पाल्यास उभे करण्यात येईल.' या वाक्यांचं व्याकरण बघा. पहिल्या अर्ध्यात कर्ता पालक आहे. 'अन्यथा' ओलांडला की पालक नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी मूल येतं. करायचं एकाने, भोगायचं दुसऱ्याने. मोठ्यांच्या जगात असा करार कुणी मान्य करणार नाही. शेजाऱ्याने वीजबिल थकवलं म्हणून तुमची वीज तोडली तर तुम्ही गप्प बसणार नाही. प्राथमिक शाळेत मात्र हे इतकं अंगवळणी पडलं आहे की लिहिणाऱ्यालाही खटकत नाही आणि सही करणाऱ्यालाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्राथमिक शाळेने मुलासाठी केलेला प्रत्येक नियम मुलाच्या हातातल्या गोष्टीविषयी असावा. ढकलू नये, दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यावी, कुणी बोलत असताना ऐकावं, घेतलेलं पुस्तक जागेवर ठेवावं, चूक झाली तर सांगावं: हे सहा वर्षांच्या मुलालाही जमतं आणि त्यासाठी त्याला जबाबदार धरणं योग्यच आहे. वेळ, कपडे, शुल्क, डबा, सही, साहित्य, डॉक्टरांचं पत्र या घरच्या बाबी. त्यांबद्दल शाळेने बोलावं, स्पष्ट बोलावं, हवं तर कठोरही बोलावं, पण घरच्या मोठ्या माणसांशी. मुलाच्या तोंडून निरोप नको आणि मुलाच्या अंगावर शिक्षा नको.

या 'अन्यथा'चं वय मोठं आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया माँटेसरी यांनी पहिलं बालगृह उघडलं. चाळीसारख्या मोठ्या इमारतीतल्या तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी ते होतं. पालकांसाठीची नियमावली तिथेही लावलेली होती आणि ती आज वाचली तरी ओळखीची वाटते. शुल्क काही नाही, पण आयांनी मुलांना ठरल्या वेळी, स्वच्छ करून पाठवायचं. संचालिकेशी आदराने वागायचं. आठवड्यातून निदान एकदा तिच्याशी मुलाबद्दल बोलायचं. आणि शेवटी, बालगृहातून कुणाला काढून टाकलं जाईल त्याची यादी: जी मुलं न धुतलेली किंवा मळक्या कपड्यांत येतील ती, जी सुधारण्यापलीकडची दिसतील ती, आणि ज्यांचे आईवडील इथल्या माणसांचा मान राखणार नाहीत ती.

मुलावरच्या विश्वासासाठी जगभर ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांच्या पहिल्याच संस्थेत हे कलम होतं. आई उर्मटपणे बोलली तर चार वर्षांचं मूल बाहेर. मी हे माँटेसरींना कमीपणा आणायला लिहीत नाही. उलट त्याच बालगृहातल्या दिनक्रमाकडे बघितलं की एक मोठी गोष्ट हाती लागते. सकाळी मुलं आली की आधी स्वच्छता पाहिली जायची आणि हात, मान, दात, नखं कशी स्वच्छ करायची हे मुलांना तिथेच शिकवलं जायचं. त्यासाठी मुलांचा हात पोचेल इतकी बुटकी हात धुण्याची सोय केलेली होती. म्हणजे भिंतीवरचा नियम मळक्या मुलाला बाहेर काढायला सांगत होता आणि खोलीतली ती सोय त्याला आत बोलावत होती. शाळेचं मूल्य शोधायचं तर मी त्या पाण्याच्या भांड्यात शोधेन. ज्या मुलाच्या घरी सकाळी कुणाला वेळ नाही, त्याला ते भांडं म्हणतं, ये, इथे धू.

त्या नियमावलीतलं आणखी एक कलम मला आजही हवंसं वाटतं: आठवड्यातून एकदा आईने येऊन बोलण्याचं. बालगृहाची संचालिका त्याच इमारतीत राहायची, त्यामुळे हे बोलणं जिना उतरता-चढताही होऊ शकत असे. आपल्या शाळांनी त्या यादीतलं काढून टाकण्याचं कलम वारसा म्हणून जपलं आणि भेटण्याचं कलम वर्षातून दोन-तीन पालकसभांवर आणून ठेवलं. पालकसभेत पन्नास माणसं बसलेली असताना मुख्याध्यापक ध्वनिक्षेपकावरून 'काही पालक' म्हणून ज्यांच्याविषयी बोलतात ते पालक बहुधा सभेला आलेलेच नसतात.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. एक अमेरिका वगळता संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांनी तिच्याशी स्वतःला बांधून घेतलं आहे. तिच्या दुसऱ्याच कलमात म्हटलं आहे की आईवडिलांचा दर्जा, त्यांचं वागणं, त्यांची मतं किंवा श्रद्धा यांमुळे मुलाशी भेदभाव होऊ नये आणि त्याला शिक्षा होऊ नये, याची काळजी राष्ट्रांनी घ्यावी. अठ्ठाविसावं कलम सांगतं की शाळेतली शिस्त मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला धरून असावी. हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे युद्धं, निर्वासित, छळ असे मोठे विषय असतील, शाळेचं फाटक नसेल. पण तत्त्व तेच आहे आणि ते रोज सकाळी लाखो फाटकांवर मोडलं जातं. थकलेल्या शुल्कासाठी मुलाला वर्गातून उठवणं ही आईवडिलांच्या परिस्थितीबद्दल मुलाला केलेली शिक्षाच आहे. त्याला दुसरं नाव देता येत नाही.

यावर माझ्या जुन्या सहकारी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण मीही तेच म्हणत असे. चाळीस मुलांचा वर्ग असतो. धडा रंगात आलेला असताना दार ढकलून एक मूल आत येतं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक वेळी सगळा वर्ग मान वळवतो. वेळेवर येणाऱ्या मुलांचं नुकसान होतं. पालकांना काही बोललं तर ऐकत नाहीत, मुलाला अडवलं की मात्र दुसऱ्या दिवशी धावत येतात. मुलाला लागल्याशिवाय पालकाला लागत नाही, हा या सगळ्याचा गाभा आहे.

यातली अडचण खरी आहे. चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या वैतागाला मी हलकं लेखणार नाही. पण 'मुलाला लागल्याशिवाय पालकाला लागत नाही' हे वाक्य शांतपणे पुन्हा म्हणून बघावं. ओलीस ठेवण्याचा युक्तिवाद याहून वेगळा नसतो. शिवाय ते पुरेसं खरंही नाही. ज्या पालकाला लागतं त्याला साध्या चिठ्ठीनेही लागतं. ज्याला खरोखर काही करता येत नाही, त्याला मुलाची मान खाली गेलेली बघूनही करता येत नाही. फक्त आता त्याला शाळेच्या दाराशी यायची लाज वाटू लागते, आणि जो पालक दाराशी येत नाही त्याच्याशी काय बोलणार?

मग पालकालाच दंड करावा का? तेही वाटतं तितकं सरळ नाही. युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत एक प्रयोग केला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. दहापैकी सहा ठिकाणी उशिरासाठी दंड लावला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती, तो वाढला, आणि पुढे जवळजवळ दुपटीवर गेला. दंड मागे घेतला तरी तो पूर्वीइतका खाली आला नाही. आधी आपल्यामुळे शिक्षिका थांबून राहिली याचा संकोच होता. दंडाने त्या संकोचाची रक्कम ठरवून टाकली, आणि रक्कम भरली की संकोचाचं कारण उरलं नाही. मला यातली शेवटची बाब सर्वांत काळजीची वाटते: तुटलेला संकोच परत जोडता आला नाही. शाळा आणि घर यांच्यात जे नातं असतं ते असं आहे. एकदा त्याचा व्यवहार केला की नियम रद्द करून ते परत येत नाही.

बक्षिसांचंही फार वेगळं नाही. पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र बहुतेक शाळा देतात, आणि त्यात कुणाचं काय बिघडतं असं वाटतं. कॅलिफोर्नियात सहावी ते बारावीच्या पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, आधीच्या चांगल्या हजेरीबद्दल अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची पुढची हजेरी घटलेली आढळली. ती मोठी मुलं होती, लहानांबाबत मी त्यावरून छातीठोक काही सांगणार नाही. पण लहानांच्या बाबतीत आक्षेप त्याहूनही जुना आणि साधा आहे. ज्या मुलाला वर्षभरात एकदाही ताप आला नाही, ज्याच्या घरी कुणी गेलं नाही, त्याला व्यासपीठावर बोलावून आपण नक्की कशाचं कौतुक करतो? आणि दम्याने बारा दिवस गैरहजर राहिलेलं मूल खाली बसून टाळ्या वाजवताना काय शिकतं? तापातही मुलाला शाळेत पाठवणारे पालक मी पाहिले आहेत, त्या एका कागदासाठी. त्या तापाने पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग झोपलेला असे.

आता मधल्या सुट्टीबद्दल. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण शिक्षेच्या बाजारात ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. गृहपाठ नाही, सुट्टी बंद. बडबड केली, सुट्टी बंद. उशीर, सुट्टी बंद. शिक्षकाला काही करावं लागत नाही, मारल्याचा दोष येत नाही, पालक तक्रार करत नाहीत. मूल वर्गात बसून खिडकीतून बघतं, एवढंच. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स' या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या जानेवारीत आपली भूमिका जाहीर केली, ती अशी की सुट्टी ही मुलाच्या वाढीची गरज आहे आणि शिक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी ती काढून घेऊ नये. फिनलंडच्या शाळांत पंचेचाळीस मिनिटांच्या तासानंतर साधारण पंधरा मिनिटं बाहेर, अशी घडी कित्येक वर्षं चालत आली आहे. तिथे सुट्टीला चांगल्या वागणुकीचं बक्षीस मानत नाहीत. ती शाळेच्या कामकाजाचाच भाग असते.

वर्गात जे मूल दिवसभर कुणाशी बोललं नाही ते सुट्टीत बोलतं. कुणाला खेळात घ्यायचं, आऊट कोण ठरवणार, हरल्यावर काय करायचं, रडणाऱ्याला कुठे न्यायचं, हे सगळं तिथे होतं, आणि बाईंच्या मदतीशिवाय होतं. 'सहकार्य' हे मूल्य भिंतीवर रंगवून वर्गात त्याचा पाठ घ्यायचा आणि ते जिथे खरोखर घडतं त्या पंधरा मिनिटांतून नेमकं त्याच मुलाला बाहेर काढायचं ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे. सगळ्यांत जास्त सुट्ट्या बंद होतात त्या चुळबुळ्या मुलांच्या, आणि सुट्टी बंद झाल्यावर उरलेल्या दिवसात ती आणखी चुळबुळतात. हे ज्या शिक्षिकेने पाहिलं नाही अशी एकही मला भेटलेली नाही. तरीही आम्ही करत राहिलो, कारण हातात दुसरं काही दिलेलं नव्हतं.

गृहपाठाचं मी लवकर आटोपते, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी १९८७ ते २००३ या काळातल्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा गृहपाठ आणि अभ्यासातली प्रगती यांचा संबंध सातवीपासून पुढच्या वर्गांत ठळक दिसला, खालच्या वर्गांत फिका. एवढ्या फिक्या फायद्यासाठी आपण रोजची संध्याकाळ भांडणात घालवतो. त्यातही 'प्रकल्प' नावाचा प्रकार. दुसरीतलं मूल पुठ्ठ्याचा ज्वालामुखी बनवत नाही, त्याची आई रात्री अकरा वाजता बनवते. सकाळी टेबलावर तीस ज्वालामुखी मांडले जातात आणि कुणाच्या घरी वेळ, पैसा आणि शिकलेली माणसं आहेत याचं प्रदर्शन भरतं. त्यात ज्या मुलाने स्वतःच्या हाताने वाकडातिकडा डोंगर केलेला असतो तो त्याला मागच्या रांगेत ठेवावासा वाटतो. गुण घरच्यांना द्यायचे आणि नाव मुलाचं लिहायचं, हे उशिराच्या वहीचंच दुसरं रूप आहे. जे काही मुलाने करायचं ते शाळेत, शाळेच्या साहित्याने करू द्यावं. घरी वाचून दाखवायला कुणी असेल तर वाचावं, नसेल तर त्याची नोंद कुठेही होऊ नये.

दिनक्रमाची मी विरोधक आहे असं कुणाला वाटू नये. लहान मुलाला दिनक्रमासारखा आधार नाही. पुढे काय होणार हे ठाऊक असणं ही त्याच्यासाठी सुरक्षितता आहे, आणि घरी ती नसेल तर शाळेत असलीच पाहिजे. दारात नावाने हाक मिळणं, दप्तराची ठरलेली खुंटी, फळ्यावर दिवसाची चित्रं, घरी जायच्या आधीची पाच शांत मिनिटं. जपानमध्ये मुलं आपली वर्गखोली आणि व्हरांडे रोज स्वतः झाडतात-पुसतात. ती गोष्ट शिक्षा म्हणून नेमलेली नाही, सगळ्यांची आहे, आणि म्हणून त्यात लाज नाही. आपल्याकडे अनेक शाळांत झाडू हातात येतो तो काहीतरी चुकल्यावर. तोच झाडू आणि तीच फरशी, पण शिकवणूक उलट.

दिनक्रमातल्या अगदी बारीक गोष्टीतही मूल्य असतं. मेरी बड रो या संशोधिकेने शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतात ते मोजलं. सरासरी सेकंदभर. ते थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, अधिक मुलं बोलू लागली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं. हे वाचल्यावर मी मनात तीन अंक मोजायला लागले. पहिल्या आठवड्यात ते तीन सेकंद मला असह्य वाटत. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला मी कच्चा समजत होते, बोलू लागला. तो कच्चा नव्हता, सावकाश होता. 'आदर' हा शब्द भिंतीवर न रंगवताही वर्गात येऊ शकतो तो असा.

नियम मोडणाऱ्या मुलाचं काय, हा प्रश्न राहतोच. पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांच्या वॉर्साच्या अनाथाश्रमात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं. तक्रार कुणीही करावी, न्यायाधीश मुलंच. त्याच्या संहितेत कलमांचे क्रमांक हजारापर्यंत जात, पण पहिली नव्व्याण्णव कलमं माफ करण्याची किंवा दोषमुक्त करण्याची होती. अजाणता झालं, पुन्हा करणार नाही म्हणतो, रागाच्या भरात झालं, असा एकेक विचार ओलांडूनच शिक्षेच्या कलमांकडे जाता येई. स्वतः कोर्चाकही त्या न्यायालयापुढे उभे राहिले. प्रत्येक शाळेने असं न्यायालय चालवावं असं मी म्हणत नाही, ते कोर्चाकांना साधलं. पण आपल्या माहितीपत्रकांत 'अन्यथा'च्या आधी एक तरी 'कारण विचारले जाईल' असावं, एवढं सर्वांना साधण्यासारखं आहे.

आणि पालकांकडून इतक्या सह्या घेणाऱ्या शाळेने स्वतःही एका पानावर सही करावी. पालकाच्या पत्राला किती दिवसांत उत्तर मिळेल. मूल पडलं, लागलं, रडलं तर त्याच दिवशी कोण कळवेल. मुलाविषयीची गंभीर गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात कधीही लिहिली जाणार नाही, ती त्याच्याच पालकाशी समोर किंवा फोनवर बोलली जाईल. शुल्काचं पत्र मुलाच्या हाती, उघडं, दिलं जाणार नाही. सभा एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी ठेवली जाईल, म्हणजे कामावरून सुटी न मिळणाऱ्यालाही येता येईल. सूचना अशा भाषेत असतील की चौथी शिकलेल्या आजीलाही वाचून कळाव्यात. 'पाल्य', 'उपरोक्त', 'दक्षता घ्यावी' हे शब्द गेले तरी काही अडणार नाही. हे पान मी आजवर फारच थोड्या शाळांत पाहिलं आहे. ज्यांच्याकडे असतं तिथे पालकही आपलं पान अधिक पाळतात, हा माझा अनुभव. कदाचित दोन्ही बाजूंच्या सह्या एकाच कागदावर असल्यामुळे असेल.

आमच्या शाळेत त्या तिसरीतल्या मुलीनंतर नियम बदलायला जवळजवळ एक सत्र गेलं. शेवटी ठरलं ते असं. फाटक बंद करायचं नाही. उशिरा आलेल्या मुलाने मागच्या दाराने आत यायचं, दाराजवळचा बाक त्याच्यासाठी रिकामा ठेवलेला असेल, तिथे बसायचं. शेजारच्याने पान दाखवायचं. बाईंनी शिकवणं थांबवायचं नाही आणि वळून बघायचंही नाही. नाव वर्ग सुटल्यावर लिहायचं, आणि एका आठवड्यात दोनदा आलं तर त्या संध्याकाळी घरी फोन करायचा. फोनवर पहिलं वाक्य ठरवून घेतलं होतं: सकाळची काही अडचण आहे का? धडा मोडण्याची जी भीती आम्हाला होती ती आठ-दहा दिवसांत गेली. मुलं मान वळवायची थांबली. त्या फोनांतून काय काय कळलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण निम्म्याहून अधिक घरांत काहीतरी मार्ग निघाला. दोन मुलांना वाटेवर राहणाऱ्या मोठ्या मुलांसोबत यायची सोय झाली. एका घरात आजोबांनी सकाळचं काम घेतलं. उरलेल्यांचा उशीर तसाच राहिला, आणि ती मुलं वर्षभर दाराजवळच्या बाकावर बसून शिकली. ती शाळेत होती.

यातला एक हिशोब मात्र अजून कुणी मांडत नाही, तो मांडल्याशिवाय माझं म्हणणं अर्धवट राहील. मुलाला शिक्षा करायची नाही असं ठरवलं की तो भार कुणावर तरी जातो. उशिरा नेल्या जाणाऱ्या मुलाजवळ शाळा सुटल्यावर कोण बसणार? आजवर जी बसत आली ती वर्गशिक्षिका, जिचं स्वतःचं मूल दुसऱ्या कुठल्यातरी फाटकावर तिची वाट बघत असतं. ते संध्याकाळचे फोन तिने स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या फोनवरून केले. हैफातल्या पालकांच्या दंडाबद्दल सगळे बोलतात, पण ज्या शिक्षिका थांबत होत्या त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मूल्यांची पाटी रंगवायला संस्था रंगाऱ्याला पैसे देते. तसेच त्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी एक माणूस नेमावा, त्याला पगार द्यावा, त्याच्यासाठी एक खोली, दोन सतरंज्या आणि थोडी पुस्तकं ठेवावीत. वार्षिक अंदाजपत्रकात ही ओळ नसेल तर भार पुन्हा शिक्षिकेवर येईल, आणि थकलेली शिक्षिका पुन्हा ती वही उघडेल.